पैठण ते नांदेड गोदाकाठाने: उन्हाळ्यातली सायकल सफर कशी आखावी

पैठणच्या जायकवाडी धरणापासून नांदेडच्या घाटापर्यंत गोदावरी पूर्वेकडे वाहते. आजूबाजूच्या रस्त्यांनी सायकलवर गेलं तर हे अंतर अडीचशे ते पावणेतीनशे किलोमीटर पडतं. मुलूख सपाट, थोड्या थोड्या अंतरावर गावं, आणि मित्रांना एकत्र सुट्टी मिळते ती नेमकी एप्रिल-मेमध्ये. त्यामुळे बेत उन्हाळ्यातच ठरतो. या दिवसांत मराठवाड्यात पारा ४० ते ४३ अंशांवर असतो. इथे सफर मोडते ती पाय थकले म्हणून नाही. दहा वाजून गेले तरी चाक फिरत राहिलं आणि प्यायला हवं तेवढं पाणी पोटात गेलं नाही, म्हणून मोडते. खालची सगळी तयारी या दोन गोष्टींभोवती आहे.

आधी महिना ठरवा. फेब्रुवारी-मार्च सगळ्यात चांगला, पण ते जमत नसेल तर एप्रिलचा पहिला पंधरवडा गाठा. मे टाळा. मेमध्ये रात्रीही भिंती तापलेल्या राहतात, झोप होत नाही, आणि झोप न झालेलं शरीर दुसऱ्या दिवशी ऊन सोसत नाही. शिवाय मेमध्ये दुपारनंतर वळवाचा पाऊस, वारा आणि विजा वाढतात. हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला असेल तर सफर पुढे ढकला, मग कितीही जणांनी रजा टाकलेल्या असोत.

मार्ग

प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे पैठणहून नांदेडकडे जा. उताराचा फायदा होतो असं लोक समजतात, पण तो जवळजवळ नाही. नाथसागराची, म्हणजे पैठणच्या धरणाच्या जलाशयाची, पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर आणि नांदेड साधारण ३६० मीटरवर, म्हणजे अख्ख्या सफरीत शंभर मीटरच उतरायचं. खरा फायदा वाऱ्याचा आहे. उन्हाळ्यात इकडे वारा बहुतेक पश्चिमेचा किंवा वायव्येचा असतो आणि सकाळी नऊनंतर जोर धरतो. पूर्वेकडे जाताना तो पाठीशी राहतो. उलट दिशेने आलात तर शेवटचे दहा किलोमीटर तापलेल्या झळा तोंडावर घेत काढावे लागतील.

गोदाकाठाला लागून सलग रस्ता नाही, हे मित्रांना आधीच सांगून ठेवा. नदी भेटते, दुरावते, पुन्हा भेटते. सोयीचा क्रम असा: पैठण, उत्तर तीराने आपेगाव, तिथून गावरस्त्यांनी शहागड. शहागडला धुळे-सोलापूर महामार्गाच्या पुलावरून नदी ओलांडून गेवराई. गेवराईहून गढी फाट्यापर्यंत त्याच महामार्गाने दक्षिणेला, आणि गढीहून डावीकडे वळून राष्ट्रीय महामार्ग ६१ ने माजलगाव. पुढे ढालेगावजवळ पुन्हा गोदावरी ओलांडून पाथरी. पाथरीहून सोनपेठ, मग गंगाखेड, पालम, लोहा, विष्णुपुरी आणि नांदेड.

वाटेत थोडं आत शिरावं अशी ठिकाणं भरपूर आहेत. आपेगाव ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचं गाव. गेवराई तालुक्यातलं राक्षसभुवन शनीच्या मंदिरासाठी प्रसिद्ध, आणि १७६३ च्या ऑगस्टमध्ये माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला तो याच परिसरात. मंजरथला सिंदफणा गोदावरीला मिळते. पाथरी तालुक्यात मुद्गलला नदीपात्रातच मंदिर आहे, आणि गंगाखेड तर जनाबाईंचं. एका दिवशी असं एकच ठिकाण धरा आणि ते सकाळी आठच्या आत पाहून घ्या. दर्शनाला म्हणून थांबलेला एक तास नंतर उन्हातून वसूल होतो.

सहा सकाळी पुरेशा होतात: पहिल्या दिवशी गेवराई, दुसऱ्या दिवशी माजलगाव, तिसऱ्या दिवशी पाथरी करून सोनपेठ, चौथ्या दिवशी गंगाखेड, पाचव्या दिवशी लोहा, सहाव्या दिवशी नांदेड. चौथा टप्पा मुद्दाम छोटा ठेवला आहे. तोवर अंगात थकवा साठलेला असतो, आणि गंगाखेडला रेल्वे स्टेशन असल्यामुळे कोणाला परत पाठवायचं असेल तर ते तिथून सहज जमतं. मुक्कामांमधलं अंतर आपल्या नकाशावर मोजून घ्या. गावरस्त्यांची कामं चालू असली की वळसे पडतात.

बंधाऱ्यांवरून सायकल पलीकडे नेता येईल असं गृहीत धरू नका. आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, मुद्गल, दिग्रस असे बंधारे ओळीने आहेत, पण कुठून पलीकडे जाता येतं हे गावात विचारूनच ठरवा. कालव्याकडेचे रस्ते नकाशावर मोहक दिसतात. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब, उजवा १३२. त्यांच्या कडेला मुरूम, धूळ आणि बाभळीचे काटे असतात, पाणवठे आणि दुकानं नसतात. एखादा तास हौसेने जा, पण पूर्ण टप्पा त्यावर टाकू नका.

दिवसाचं वेळापत्रक

पहाटे ४:१५ ला उठणं, ५ वाजता चाक हलणं. एप्रिलमध्ये उजाडायला सहा वाजतात, म्हणून पहिला तास दिव्यावर जातो. पुढे किमान ४०० ल्यूमेनचा दिवा आणि मागे लाल दिवा प्रत्येकाच्या सायकलला हवा. या तासात सर्वांत मोठा धोका वाळूच्या हायवांचा आणि डंपरचा असतो. नदीकाठच्या रस्त्यांवर ते रात्री आणि पहाटेच जास्त धावतात, आणि भरलेली गाडी तुमच्यासाठी बाजूला सरकणार नाही. मागून असा आवाज आला की सरळ रस्त्याच्या खाली उतरा. साखर कारखाने चालू असतील त्या दिवसांत उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टरही असतात. त्यांना बहुधा मागे दिवा नसतो, म्हणून अंधारात वेग १५ च्या वर नेऊ नका.

सूर्य उगवल्यावर मागचा दिवा बंद करायची सवय असते. इथे तो साडेसातपर्यंत चालूच ठेवा. तुम्ही पूर्वेकडे चाललेले असता, ऊन थेट डोळ्यांत येतं, आणि मागून येणाऱ्या ड्रायव्हरच्याही डोळ्यांत तेच ऊन असतं. त्याला तुम्ही दिसत नाही. लुकलुकणारा लाल दिवा तेवढा दिसतो.

सरासरी वेग ताशी १६ धरा. दर ४० मिनिटांनी पाच मिनिटं थांबा आणि साडेसातच्या सुमारास नाश्त्याला अर्धा तास द्या. एवढं करून दहा वाजेपर्यंत ५५ ते ६० किलोमीटर आरामात होतात. दहाला सायकली सावलीत गेल्याच पाहिजेत. "पुढचं गाव सहाच किलोमीटर आहे" हे वाक्य धोक्याचं. डांबर तोवर चांगलंच तापलेलं असतं, खालून वरून भट्टी असते, आणि सावलीला झाड सापडेलच असं नाही. पंक्चर नेमकं तेव्हाच होतं. दहाच्या आत मुक्काम गाठणं जमणार नसेल तर मधल्या गावात दुपार काढा आणि उरलेलं संध्याकाळी पाचनंतर करा. संध्याकाळी २० किलोमीटरच्या वर जाऊ नका, आणि पावणेसातला थांबा.

दुपार कुठे काढायची हे आदल्या रात्रीच ठरलेलं असावं. मंदिराचा सभामंडप, ग्रामपंचायतीचा ओटा, शाळेचा व्हरांडा, मोठं वडाचं किंवा चिंचेचं झाड. एखाद्याने माळवदाच्या घरात बसायला सांगितलं तर आनंदाने जा. जाड मातीच्या भिंती आणि मातीचं छप्पर यांमुळे आत बाहेरच्यापेक्षा चांगलाच गारवा असतो. पत्र्याची शेड मात्र टाळा. तिच्या सावलीत बाहेरच्यापेक्षा जास्त उकडतं.

पाणी आणि मीठ

चालवताना प्रत्येकाला तासाला ५०० ते ७५० मिलिलिटर पाणी लागतं. तासाला एक लिटरच्या वर प्यायलं तर पोट ते शोषून घेत नाही, नुसतं डचमळत राहतं. दिवसभराचं मिळून आठ ते दहा लिटर धरा. तहान लागेपर्यंत वाट पाहू नका. दर पंधरा मिनिटांनी तीन-चार घोट, आणि त्याची आठवण मागे चालणाऱ्याने मोठ्याने द्यायची.

प्रत्येकाच्या सायकलवर ३ लिटर पाणी असावं: एक एक लिटरच्या दोन बाटल्या साध्या पाण्याच्या आणि एक मिठाच्या पाण्याची. बाटलीवर जुना सुती मोजा ओला करून चढवला तर वाऱ्याने पाणी बऱ्यापैकी गार राहतं. इथली हवा उन्हाळ्यात कोरडी असते म्हणून हा उपाय चालतो. मोजा वाळला की पुन्हा भिजवा.

नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो, आणि सोबतचे त्याला आणखी पाणी पाजतात. त्याने प्रकृती बिघडते. म्हणून साध्या पाण्यासोबत मिठाची बाटलीही संपवायची. ओआरएसचं मोठं पाकीट, सुमारे २१ ग्रॅमचं, बरोबर एक लिटर पाण्यात मिसळायचं. अर्ध्या लिटरमध्ये अख्खं पाकीट टाकून घट्ट केलं तर ते उलट पोटात पाणी ओढून घेतं आणि जुलाब होतात. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. त्यात लिंबू पिळलं तर पिणं सोपं जातं. पाच जणांसाठी सहा दिवसांची ६० पाकिटं घ्या. मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं, लिंबू सरबत हे सगळं यात धरा. मात्र ज्यांना रक्तदाबाचा, मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहाचा त्रास आहे त्यांनी मिठाचं आणि साखरेचं प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

पाणी मिळतं कुठे? जारचं पाणी आता जवळपास प्रत्येक गावातल्या हॉटेलात असतं, फाट्यांवर आणि देवळांशी पाणपोया असतात. घरी मागितलं तर कोणी नाही म्हणत नाही. मात्र ज्या गावाला टँकर येतो तिथे पाच जणांच्या पंधरा बाटल्या भरून मागू नका. एक तांब्या प्या, आभार माना आणि बाटल्या पुढच्या गावात विकत घेऊन भरा. नदीचं, कालव्याचं किंवा विहिरीचं पाणी अंगावर घ्यायला ठीक, प्यायला नाही.

लघवीचा रंग हा साधा मापक आहे. फिकट पिवळा असेल तर सगळं ठीक. गडद असेल तर निघायच्या आधी अर्धा लिटर मिठाचं पाणी प्या. दुपारी चार तास लघवीच झाली नसेल तर त्या माणसाने संध्याकाळी सायकल चालवायची नाही.

खाणं

निघताना जड काही खाऊ नका. दोन केळी किंवा मूठभर शेंगदाणे आणि गूळ पुरतो. नाश्त्याला सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पदार्थ) किंवा पोहे, त्यावर ताक. वाटेसाठी दशम्या आणि धपाटे घेऊन निघा. दुधात भिजवलेली दशमी उन्हाळ्यातही दीड-दोन दिवस टिकते, धपाटे एक दिवस. शेंगदाण्याची कोरडी चटणी सोबत असली की काम झालं. ओल्या नारळाची चटणी, दही घातलेलं काहीही, आणि सकाळची भाजी दुपारी, हे नको. दुपारी ज्वारीची भाकरी, पिठलं, कांदा आणि ताक इतकं खा, मग झोपा. टरबूज भरपूर खा, पण आधी कापून ठेवलेलं घेऊ नका. उसाचा रस बर्फ न घालता मागा. सफरीत पोट बिघडतं ते बहुधा बर्फाने.

सायकल आणि काटे

टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंद असावेत. २८ चे टायर महामार्गावर चालतात, पण गावरस्त्यांची खडी त्यांना झेपत नाही. माणूस आणि सामान मिळून ८५ किलो असेल तर ३८ च्या टायरमध्ये पुढे ५० आणि मागे ५५ पीएसआय ठेवा. उन्हाने टायर फुटतो ही भीती फार मोठी करू नका. सकाळी २५ अंशांना ५५ भरलेली हवा टायर ६० अंशांपर्यंत तापला तरी ६३ च्या आसपासच जाते. खरा त्रास जुन्या ठिगळांचा होतो. उष्णतेने सोल्युशन सैल पडतं आणि ठिगळ कडेने उचकटतं. म्हणून ठिगळ असलेल्या ट्यूब घरी ठेवा, सफरीला नव्या घ्या. उभ्या सायकली उन्हात ठेवू नका.

पंक्चर दोन गोष्टींनी होतं: बाभळीच्या काट्याने आणि सराट्याने. रस्ता सोडून कडेला उतरताना, झाडाखाली थांबताना सायकल ढकलू नका, उचलून न्या. बाभळीची सावली दिसली की तिथे खाली काटे आहेतच. टायर लायनर (टायर आणि ट्यूबच्या मधली पट्टी) घातला तर सराट्याचा त्रास बराच कमी होतो. ट्यूबलेस असेल तर निघायच्या आदल्या दिवशी सीलंट (भोक बुजवणारा द्रव) भरा, ४० च्या टायरमध्ये सुमारे ६० मिलिलिटर. उन्हाळ्यात ते लवकर वाळतं.

पंक्चर काढताना ट्यूब बदलून लगेच निघू नका. ट्यूबमधलं भोक शोधा, वॉल्व्हपासून त्याचं अंतर मोजा, आणि टायरवर तिथेच आतून बोट फिरवून काटा काढा. काट्याचं टोक रबरात मोडून राहतं आणि बाहेरून दिसत नाही. ते चिमट्याने ओढावं लागतं. त्याच चाकाचं दहा मिनिटांनी पुन्हा पंक्चर झालं तर कारण हेच. ठिगळ लावताना सोल्युशन पातळ पसरा आणि हाताला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्या. एप्रिलच्या उन्हात ते दोन मिनिटांत वाळतं, ओलं असतानाच ठिगळ दाबलं तर टिकत नाही.

प्रेस्टा (बारीक, लांबट) वॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर दोन घ्या. गावातल्या दुकानात मोटारसायकलचा पंप असतो, तो अडॅप्टरशिवाय बसत नाही.

पाच जणांत मिळून हे असावं: प्रत्येकी दोन ट्यूब, वीस ठिगळं, सोल्युशनच्या दोन नळ्या (एक उघडली की वाळतेच), दोन चांगले हातपंप, ४-५-६ चे ॲलन पाने, १५ चा पाना पेडलसाठी, चेन तोडायचं हत्यार आणि चेन जोडायच्या दोन क्विक लिंक, मागच्या चाकाचे चार जुळते स्पोक, ब्रेक पॅडची जोडी, कॅरिअरचे सहा जादा बोल्ट, पंधरा झिप टाय, आणि टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा चार बोटांचा तुकडा. कॅरिअरचे बोल्ट रोज रात्री तपासा. गावरस्त्याच्या हादऱ्यांनी ते ढिले होतात, आणि एक बोल्ट पडला की दुसरा वाकतो. चेनला कोरडं किंवा मेणाचं वंगण लावा. गाडीचं ऑइल लावलं तर काळ्या मातीची धूळ त्यात बसते आणि दोन दिवसांत चेन करकरायला लागते.

सामान कॅरिअरवर, सात-आठ किलोच्या आत. पाठीवर सॅक नको. पाठीचा घाम वाळत नाही आणि शरीर थंड व्हायची जागाच झाकली जाते. अंगात पूर्ण बाह्यांचा, पांढरा, ढगळ सुती किंवा पातळ शर्ट, आणि हेल्मेटखाली ओली दस्ती मानेवर सोडलेली.

ऊन लागलं तर

सफरीच्या आधी दोन आठवडे रोज ४५ मिनिटं ते एक तास सकाळी आठनंतरच्या उन्हात सायकल चालवा. शरीर घाम लवकर आणि पातळ गाळायला शिकतं. एसीत काम करणाऱ्याने हे केलं नाही तर पहिल्या दोन दिवसांतच तो पडतो.

खूप घाम, गरगरणं, पायात गोळे, मळमळ ही पहिली पायरी. लगेच थांबा, सावली, पाय वर, ओआरएस घोट घोट. अर्ध्या तासात बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा सायकल नाही. माणूस असंबद्ध बोलू लागला, चालताना झोकांड्या देऊ लागला किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात आहे, घाम येत असला तरीही. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत थांबू नका: कपडे सैल करा, मिळेल ते पाणी अंगावर ओतत राहा, दोघांनी पंच्याने वारा घाला, बर्फ मिळाला तर मान, काख आणि जांघेत धरा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे काम करत नाही. सफरीत अंग दुखतं म्हणून आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही घेऊ नका. पाणी कमी झालेल्या शरीरात त्या मूत्रपिंडाला इजा करतात.

नदीत उतरण्याबद्दल

धरणाखाली उन्हाळ्यात पात्र बरंच कोरडं असतं आणि बंधाऱ्यांमागे पाणी साठलेलं. घामाघूम माणसाला ते बोलावतं. अनोळखी ठिकाणी पोहू नका. वाळू उपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, गुडघाभर पाण्यातून दुसरं पाऊल थेट डोहात पडतं. कालव्यात तर अजिबात नको. अस्तरीकरण केलेल्या उताराच्या भिंतीवर पाय ठरत नाही, पोहता येणाराही बाहेर निघू शकत नाही. जायकवाडीतून पाणी सोडलं तर कोरड्या पात्रातही ते अचानक येतं, म्हणून वाळूत तंबू टाकू नका. अंघोळ घाटावर, पायरीवर बसून, तांब्याने.

वळीव आला तर दोन गोष्टी. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात शिरा, झाडाखाली नाही, आणि शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास थांबा. आणि काळ्या मातीच्या वाटेवर असाल तर चाक फिरवायचा हट्ट करू नका. रेगड मातीचा चिखल ब्रेक आणि चाकात भरून चाक जागेवर अडतं, मागचा गिअर ज्यावर बसतो तो हँगर मोडतो. सायकल खांद्यावर घेऊन डांबरी गाठा आणि माती ओली असतानाच काडीने काढा.

मित्र

चार ते सहा जण ठीक. त्याहून जास्त असले की पाणी, जागा आणि निघायची वेळ तिन्ही हातातून जातात. सगळ्यात हळू चालवणारा पुढून दुसरा ठेवा, वेग त्याचा. सगळ्यात अनुभवी माणूस शेवटी, पंप आणि औषधं त्याच्याकडे. "थांबा" म्हणायचा हक्क प्रत्येकाला, आणि कारण विचारायचं नाही. ज्याला त्रास होतोय तो लाजेपायी अर्धा तास उशिरा सांगतो, तो अर्धा तासच महागात पडतो.

मुक्कामाला पैठण आणि पाथरीला भाविकांसाठी सोय मिळते, गेवराई, माजलगाव, गंगाखेडला लॉज आहेत, नांदेडला गुरुद्वाऱ्याचे यात्री निवास. लहान गावात थांबायचं तर उजेडात पोहोचा आणि सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटून सांगा. गच्चीवर झोपायला मिळालं तर मच्छरदाणी लावा. सकाळी बूट झटकूनच घाला, विंचू असतात.

परतीचं आधी ठरवा. सायकल रेल्वेने न्यायची तर नांदेडच्या पार्सल ऑफिसात गाडीच्या दोन-तीन तास आधी जा, तिकीट आणि ओळखपत्राची प्रत सोबत ठेवा. पेडल काढा, हँडल आडवं करा, डिरेलरभोवती (मागच्या गिअरभोवती) पुठ्ठा गुंडाळा, दिवे आणि बाटल्या काढून घ्या, आणि नाव, फोन, उतरायचं स्टेशन लिहिलेली चिठ्ठी दोन ठिकाणी बांधा. उतरायचं स्टेशन असं निवडा जिथे गाडी पाच मिनिटं तरी थांबते. दोन मिनिटांच्या थांब्यावर ब्रेकव्हॅनमधून (पार्सलच्या डब्यातून) पाच सायकली खाली उतरत नाहीत, त्या पुढच्या मोठ्या स्टेशनवर जातात.